ऊन पडलं म्हणून निर्णय चुकला का?

ताई, नमस्कार.

आम्ही सहाजण, सगळे कॉलेजपासूनचे मित्रमैत्रिणी. सप्टेंबरच्या शेवटी रतनगड ते हरिश्चंद्रगड असा चार दिवसांचा रेंज ट्रेक ठरवला होता. शनिवारी रतनगड करून रतनवाडीत मुक्काम, रविवारी कात्राबाईची खिंड चढून कुमशेत, सोमवारी पेठेची वाडी, पाचनई करत हरिश्चंद्रगडावर मुक्काम, मंगळवारी खाली उतरून जीपने परत आणि बुधवारी सगळ्यांचं ऑफिस. वाटेची माहिती मी काढली, राहण्याजेवणाचे फोन मी केले, त्यामुळे लीडर मीच झाले.

रविवारी खिंडीतच पावसानं गाठलं. कुमशेतला पोचेपर्यंत सगळ्यांच्या सॅका आतून ओल्या झाल्या होत्या. रात्रभर पाऊस कोसळत होता. सोमवारी सकाळी सातच्या सुमारास मुळा नदीच्या पात्राशी आलो, तर पाणी गढूळ, ओलांडायचे दगड बुडालेले, काठी घातली तर कडेलाच मांडीपर्यंत. मी थोडा वेळ बघितलं, "परत फिरायचं" म्हणाले आणि वळले. तेवढ्यात गावातल्या एक मावशी डोक्यावर बोचकं घेऊन जरा वरच्या अंगानं पलीकडे गेल्या. दोघं मित्र तिथंच भडकले. कुमशेतला येऊन मिळाली ती जीप धरली आणि राजूर गाठलं. आणि ताई, साडेअकराला लख्ख ऊन पडलं! एसटीची वाट बघत आम्ही त्या उन्हात बसलो होतो.

तेव्हापासून ग्रुपवर टोमणे चालू आहेत. पाचनईहून आम्हाला न्यायला येणाऱ्या जीपवाल्याला दिलेले दीड हजार बुडाले, ते मी भरावेत असं एकजण म्हणतोय. दुसऱ्याला दिवाळीच्या आधी हीच वाट पुन्हा करायची आहे. एक मैत्रीण पहिल्यांदाच असा ट्रेक करत होती, ती कशावरच काही बोलत नाही. माझं चुकलं का? आणि पुन्हा जायचं तर हवामान नक्की कसं बघायचं?

एक भटकी, डोंबिवली

प्रिय भटकी,

तुझं चुकलं नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं शांतपणे बोलता येईल. तुझ्यापुढे आणखी एक पर्याय होता, त्याबद्दल पुढं लिहिणार आहे, पण त्यामुळे पाण्यात न उतरण्याचा निर्णय चुकीचा ठरत नाही.

तुला खरं छळतंय ते ऊन. दिवसभर पाऊस पडत राहिला असता तर याच दोघांनी राजूरला चहा पिताना तुझे आभार मानले असते. पण सकाळी सातला काठावर तुझ्यापाशी काय होतं? रात्रभराचा पाऊस, गढूळ पाणी, बुडालेले दगड, कडेलाच मांडीएवढी खोली आणि सोबत पाच माणसं, त्यातली एक नवखी. साडेअकराला आभाळ उघडणार हे त्या घडीला तुला माहीत नव्हतं आणि तुझ्या मित्रांनाही माहीत नव्हतं. आता मागं वळून बघताना त्यांना वाटतंय की हे दिसतच होतं. ते दिसत नव्हतं. जे दिसत होतं ते तू नीट पाहिलंस.

शिवाय ऊन पडलं म्हणजे पाणी उतरलं असं नसतं. मुळेचा उगम रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या मधल्या घाटमाथ्यावरचा. तुम्ही तिला जिथं गाठलंत तिथं ती अजून डोंगरातलीच नदी आहे. आजूबाजूला उभे उतार, माती थोडी आणि कातळ जास्त. त्यात सप्टेंबरअखेर जमीन चार महिन्यांच्या पाण्यानं भरलेली असते, नवीन पाऊस मुरायला जागाच राहत नाही, पडतो तो थेट ओढ्यात येतो. असं पात्र तासाभरात चढतं. आपल्या डोक्यावर कोरडं असताना वर खिंडीकडे सर आली तरी इथलं पाणी वाढतं. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात 30 जून 2024 ला एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पाणी वाढल्यावर ती प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभी होती आणि काठावर माणसं असूनही कुणाला काही करता आलं नाही. पाणी वाढायला लागल्यावर विचार करायला किती कमी वेळ मिळतो, ते आपण सगळ्यांनी त्या दिवशी पाहिलं.

वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून नुसती खोली विचारून चालत नाही. संथ पाणी कमरेएवढं असलं तरी माणूस पार होतो आणि जोराचं पाणी गुडघ्याच्या वर गेलं की पाय उचलताच तोल जातो. पाठीवर सॅक असेल तर मी स्वतः गुडघ्याला रेघ मारते. गुडघ्याच्या वर जोराची धार असेल तर ओलांडायचं नाही. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही हे तर आहेच, पण पाला, काड्या वाहत यायला लागणं, पाण्याचा आवाज जड होणं, आणि तळाशी दगड एकमेकांवर आपटल्याचा घुमा आवाज येणं, यातलं एक जरी असेल तर पाणी अजून चढतंय असं धरून चालायचं.

आता मावशी. तुझ्या मित्रांचा सगळा राग या एका दृश्यावर उभा आहे, म्हणून त्याकडे जरा जवळून बघू. तू लिहिलंयस की त्या "जरा वरच्या अंगानं" गेल्या. म्हणजे तुम्ही उभे होतात तिथून त्या उतरल्याच नाहीत. पात्र जिथं रुंद होतं तिथं पाणी पसरतं आणि उथळ होतं, आणि ती जागा कुठली हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. पायाखालचा कुठला दगड हलतो आणि कुठला पक्का, हेही ठाऊक. डोक्यावरचं बोचकं तोल गेला तर झटक्यात टाकून देता येतं. तुमच्या सॅका कमरेला आणि छातीला पट्ट्यांनी बांधलेल्या, ओल्या होऊन दीडपट जड झालेल्या. माणूस पडला की तीच सॅक त्याला पालथा दाबून धरते. त्यामुळे "त्या गेल्या, मग आपण का नाही" या प्रश्नाला अर्थ नाही. त्यांना हाक मारून विचारायला मात्र हवं होतं. "मावशी, आम्हाला जमंल का?" एवढंच. या भागातली माणसं पाहुण्यांना खोटा धीर देत नाहीत. "थांबा जरा, उतरंल पाणी" किंवा "आज नका जाऊ" असं सरळ सांगतात आणि ते उत्तर सहाही जणांच्या कानांवर पडलं असतं. वादाचं निम्मं कारण तिथंच संपलं असतं.

पाणी ओलांडण्याबद्दल थोडं लिहून ठेवते, कारण पुढं कधीतरी तुला ते लागेलच. पाणी बेताचं असतानाही कमरेचा आणि छातीचा पट्टा आधी सोडायचा. बूट काढायचे नाहीत, अनवाणी पाय निसरड्या गोट्यांवर टिकत नाही. अरुंद जागा जवळची वाटते, पण तिथंच धार सगळ्यात जोराची असते, म्हणून रुंद जागा शोधायची. उतरायच्या आधी खालच्या बाजूला शंभर पावलं चालून बघायचं की वाहून गेलो तर पुढं काय आहे. डोह असेल, धबधबा असेल, पाण्यात आडवं झाड पडलेलं असेल, तर ती जागा सोडायची. आणि कमरेला दोर बांधून पाण्यात कुणालाही उतरवायचं नाही. बघताना ते सुरक्षित वाटतं, पण पाय सुटला की दोर ताणला जातो आणि धार माणसाला पाण्याखाली दाबून ठेवते. काठावरच्यांनी ओढलं की आणखीच.

तुझ्या पत्रात एक वाक्य तू घाईत लिहून पुढं गेलीस: सॅका आतून ओल्या झाल्या होत्या. माझ्या मते परत फिरायला हे कारण पाण्याइतकंच मोठं होतं. समजा तुम्ही पार झाला असता. मग दिवसभर ओल्या कपड्यांत चाल, संध्याकाळी पाचनईची चढण, आणि रात्री हरिश्चंद्रगडाच्या गुहेत ओल्या स्लीपिंग बॅगांत झोप. गड 1424 मीटर उंच, वर कोकणकड्यावरून येणारा वारा. आपल्याकडे कुठं बर्फ पडतो, असं म्हणून आपण थंडीला हसण्यावारी नेतो, पण अंग गार पडायला बर्फ लागत नाही. ओलं अंग, वारा आणि थकवा पुरतो. माणूस आधी कुडकुडतो, मग त्याला शर्टाचं बटण लावता येत नाही, बोलणं अडखळायला लागतं, आणि "मला काही झालं नाही" असं तोच सांगत राहतो. अशा वेळी ओले कपडे काढून कोरडे घालायचे असतात, आणि तुमच्याकडे कोरडं काही उरलंच नव्हतं. त्या रात्री गडावर काय झालं असतं याचा विचार काठावर उभ्या असलेल्या सहाजणांपैकी कुणीच केला नाही, कारण सगळ्यांचे डोळे पाण्यावर होते.

यावर उपाय अगदी स्वस्त आहे. सॅकवरचं रेन कव्हर पाठीकडून येणारं पाणी अडवत नाही. पाठीवरून ओघळणारं पाणी पट्ट्यांच्या शिवणीतून आत शिरतं. म्हणून जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी सॅकच्या आत घालायची, तोंड पिळून बांधायचं आणि सगळं सामान तिच्यात. स्लीपिंग बॅगला आणखी एक वेगळी पिशवी. आणि रात्रीच्या कपड्यांचा एक जोड असा, की जो दिवसा काही झालं तरी अंगात घालायचा नाही. सकाळी पुन्हा ते ओले, थंडगार कपडे चढवायला जिवावर येतं, तरी चढवायचे.

आता तो दुसरा पर्याय. तुम्ही थांबू शकला असता. डोंगरातलं पाणी चढतं भराभर, तसं पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतंही. कुमशेतला परत येऊन ज्या घरी राहिलात त्यांच्या ओसरीवर बसायचं, कपडे चुलीजवळ वाळत टाकायचे, पाण्याच्या कडेला एक दगड खूण म्हणून ठेवायचा आणि दोन-तीन तासांनी जाऊन बघायचं की पाणी दगडाच्या वर आहे की खाली. मग दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवायचं. तुला हे सुचलं नाही, आणि का सुचलं नाही तेही तुझ्या पत्रात आहे: बुधवारी ऑफिस. चार दिवसांच्या प्लॅनला चारच दिवस होते. सोमवारची सकाळ गेली असती तर सोमवारी गडावर पोचायला रात्र झाली असती, आणि मंगळवारी थांबलात तर बुधवार हुकला असता. म्हणजे त्या काठावर तुमच्यापुढे "जा" आणि "परत या" एवढेच दोन मार्ग उरले होते. तिसरा मार्ग तुम्ही डोंबिवलीत प्लॅन करतानाच बंद करून निघाला होता.

मला वाटतं तुमच्या भांडणाचं मूळ इथं आहे. मित्र चिडले ते तुझ्यावर, पण त्यांना अडकवलं त्या घट्ट बसवलेल्या वेळापत्रकानं. पावसाळ्यात किंवा पावसाळ्याच्या कडेला चार दिवसांचा ट्रेक करायचा तर पाच दिवसांची सुट्टी काढायची. एवढी सुट्टी मिळत नसेल तर ट्रेक तीन दिवसांचा आखायचा. मधला एक दिवस कुठल्याच गावाच्या नावावर लिहायचा नाही. पाऊस आला तर तो खर्ची पडेल, नाही आला तर गडावर एक दिवस जास्त मिळेल. आणि प्रत्येक मुक्कामापाशी लिहून ठेवायचं की इथून बाहेर पडायचं झालं तर गाडीरस्ता कुठला. कुमशेतहून राजूरचा रस्ता आहे म्हणून तुम्ही सुखरूप बाहेर आलात. कात्राबाईच्या जंगलात, खिंडीच्या अलीकडे अडकला असतात तर मागं रतनवाडी हाच रस्ता होता, हे तुमच्यातल्या किती जणांना माहीत होतं?

मित्रांशी बोलशील तेव्हा एक गोष्ट मोकळेपणानं मान्य कर. तू बघितलंस, ठरवलंस, वळलीस. का, ते सांगितलं नाहीस. काठावर मतं घ्यायची नसतात हे खरं, कारण तिथं सगळ्यात धीट माणसाचा आवाज सगळ्यात मोठा असतो आणि घाबरलेला माणूस गप्प राहतो. पण दोन वाक्यांत कारण सांगायला हरकत नव्हती: "पाणी कडेलाच मांडीपर्यंत आहे, अजून चढतंय, आपल्याकडे कोरडं काही नाही, म्हणून फिरतोय." राग तेवढ्यानं गेला नसता, पण "आम्हाला न विचारता" हा काटा राहिला नसता. तो काटा खरा आहे आणि तो काढणं तुझ्या हातात आहे. ग्रुपवर लिहू नकोस. लिहिलेल्याला टोमणेच येतात. दोघांना भेट, चहा घ्या, आणि विचार: "मी परत फिरले याचा राग आहे, की विचारलं नाही याचा?" बहुतेक वेळा उत्तर दुसरं असतं.

पैशांचं मात्र लगेच मिटवायला हवं. दीड हजार तू एकटीनं भरू नकोस. तुला सहज परवडत असले तरी भरू नकोस. तू भरलेस की त्याचा अर्थ "चूक माझी" असा होतो, आणि पुढच्या वेळी असं पाणी समोर आलं की लीडरच्या मनात, मग ती तू अस की दुसरं कुणी, आधी पैशांचा हिशेब येईल. तो तिथं यायला नको. अडीचशे अडीचशे सहाजणांनी वाटून घ्या. यापुढे निघण्याआधीच ठरवा की परत फिरल्यानं होणारा खर्च सगळ्यांचा. आणि तो जीपवाला आगाऊ घेऊन बसला म्हणून कुरकुर करू नका. त्यानं तुमच्यासाठी मंगळवारचा दिवस अडवून ठेवला होता, दुसरं भाडं घेतलं नाही. गडावर तुम्ही सहाजण येणार म्हणून कुणाला जेवण सांगून ठेवलं असेल, तर त्यांनाही फोन करून काय नुकसान झालं ते विचार आणि पाठवून दे. सीझनमध्ये या गावांतल्या घरांचं गणित अशा सहासहा ताटांवर चालतं. पुढच्या वेळी पाण्याची खरी बातमी तुला त्यांच्याकडूनच मिळणार आहे.

हवामान कसं बघायचं, यावर सविस्तर लिहिते, कारण तुझ्या भागासाठी यात एक गोम आहे.

हवामान खात्याचे इशारे जिल्हावार येतात. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे नजर ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता पावलं उचला. पावसाच्या शब्दांनाही मापं आहेत: 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे जोरदार, 204.4 पर्यंत अति जोरदार, त्याच्यापुढं अत्यंत जोरदार. हे बहुतेक ट्रेकर बघतात. पण रतनवाडी, कुमशेत, पाचनई ही सगळी गावं अकोले तालुक्यातली, आणि अकोले अहिल्यानगर जिल्ह्यात. या जिल्ह्याचा पूर्वेकडचा मोठा भाग पर्जन्यछायेतला, खुद्द नगर शहरात वर्षाकाठी पाऊस जेमतेम 500-600 मिलिमीटरच्या घरात. आणि त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला घाटघर आणि रतनवाडी, जिथं एका हंगामात याच्या कितीतरी पट कोसळतो. जिल्ह्याचा रंग बघून तू निघालीस तर तो रंग घाटमाथ्याचा असेलच असं नाही. म्हणून शेजारी बघायचं. नाशिक आणि पुणे जिल्ह्यांच्या घाट भागाला काय इशारा आहे, घाटाखाली ठाण्याला काय आहे. तिथं नारिंगी असेल तर अकोल्याचा माथा कोरडा राहील अशी आशा धरू नये.

दुसरं, पावसाळ्यात भंडारदरा धरणाच्या पाणलोटातले रोजचे आकडे स्थानिक बातम्यांत येतात: घाटघर, रतनवाडी, पांजरे, भंडारदरा. निघायच्या आधीचे चार-पाच दिवस ते बघत जा. पुढं किती पडेल याच्याइतकंच आधी किती पडलाय हे महत्त्वाचं, कारण भिजलेल्या डोंगरावर थोडा पाऊसही ओढे भरतो आणि दरडी सैल करतो.

तिसरं, अंदाजावर किती विसंबायचं ते दिवसांवर ठरतं. पाच दिवस आधीचा अंदाज फक्त कल सांगतो, त्यावर तिकिटं रद्द करू नयेत आणि निर्धास्तही होऊ नये. दोन दिवस आधीचा बऱ्यापैकी धरता येतो. आदल्या संध्याकाळचा गांभीर्यानं घ्यायचा. निघाल्यानंतर पुढच्या तीन तासांचे तातडीचे इशारे येतात, पण कात्राबाईच्या जंगलात मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे ते रेंज आहे तिथं थांबून बघायची सवय लावायची.

चौथं आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाचं: गावात फोन. पण "पाऊस आहे का?" असं विचारू नकोस. त्याला "हाय थोडा थोडा" असंच उत्तर येतं, कारण जिथं चार महिने धार लागते तिथल्या माणसाचा थोडा आणि आपला थोडा यांत फार अंतर असतं. विचार, "आज गुरं पलीकडं नेली का?" "ओढ्यातले दगड दिसतात का?" "काल कुणी पाचनईला चालत गेलं का?" अशा प्रश्नाला हो किंवा नाही असंच उत्तर येतं.

आता दिवाळीच्या आधीचा प्लॅन. माझं स्पष्ट मत: ऑक्टोबरात ही पूर्ण वाट पुन्हा करू नका. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर आहे, पण ती सरासरी आहे. आणि परतीचा पाऊस जुलैसारखा नसतो. सकाळी आभाळ निरभ्र, अकरापर्यंत चटका देणारं ऊन, आणि दुपारी दोननंतर बघता बघता ढग उभे राहतात, विजा कडाडतात आणि तासाभरात ओढे दुथडी भरतात. या दिवसांत पाण्याहून मोठी भीती विजेची. रतनगडाच्या लोखंडी शिड्या, गडाचा उघडा माथा, नेढं (कातळातलं आरपार भोक), कोकणकडा, या सगळ्या जागा दुपारनंतर सोडून द्यायच्या. वीज दिसल्यावर आवाज यायला 30 सेकंदांपेक्षा कमी लागले तर ती साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा माथ्यावरून खाली उतरायचं, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत पुन्हा वर जायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं "दामिनी" ॲप आसपासच्या विजेचा इशारा देतं, ते सहाही जणांच्या फोनमध्ये असू दे. त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रातल्या वादळांचाही काळ. 2019 साली ऐन दिवाळीच्या आठवड्यात क्यार वादळानं कोकण भिजवून काढलं होतं, आणि नोव्हेंबर 2009 मध्ये फयान आलं होतं. समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली की ट्रेक आपोआप पुढं ढकलायचा, त्यावर चर्चाही नको.

मग काय करायचं? दिवाळीच्या आधी जायचंच असेल तर फक्त राहिलेला गड करा. थेट पाचनईला जा, तिथून पहाटे चढायला लागा. ही हरिश्चंद्रगडाची सगळ्यात सोपी वाट, चालत्या माणसाला दोन-अडीच तासांची. दुपारच्या आत मंदिर, केदारेश्वराची गुहा बघून होईल. आकाश साफ असेल तर मुक्काम, नाहीतर उजेडात खाली. कुमशेत ते पाचनईचा तुकडा नोव्हेंबरच्या मध्यानंतर किंवा डिसेंबरात करा. तेव्हा मुळेचं पात्र दगडांवरून उड्या मारत ओलांडता येतं, वाटेवरचं गवत पिवळं पडून खाली बसलेलं असतं आणि आजोबाचा डोंगर स्वच्छ दिसतो. रविवारी पावसात तुम्हाला त्यातलं काहीच दिसलं नसणार.

लीडर तूच राहा, पण एकटी नको. जो मित्र सगळ्यात जास्त चिडलाय त्यालाच हवामानाचं काम दे. रोज संध्याकाळी इशारे बघणं, गावात फोन लावणं, ग्रुपला कळवणं. हे त्याला गप्प करायला नाही. आठवडाभर हे आकडे बघत बसलेला माणूस काठावर वेगळ्या नजरेनं उभा राहतो. आणि निघण्याआधी सहाजणांनी बसून एक नियम ठरवा: पाणी, कडा किंवा वीज समोर असेल आणि एकानं जरी "नको" म्हटलं तर नको, कारण न विचारता. पुढं जायला सहाजणांचं "हो" लागेल, परत फिरायला एकाचं "नाही" पुरेल.

हा नियम मी त्या गप्प बसलेल्या मैत्रिणीसाठी सांगतेय. ती तुझ्या पत्रात शेवटी एका ओळीत आली, पण मला सगळ्यात आधी तिच्याशी बोलावंसं वाटलं. पहिलाच ट्रेक, ओलं सामान, समोर मांडीभर गढूळ पाणी आणि भांडणारे अनुभवी लोक. तिला पाण्यात उतरायचं नव्हतं आणि ते म्हणायचं धाडस होत नव्हतं, असं असू शकतं. किंवा तिला वेगळंच काही वाटलं असेल. तिला आज फोन कर. निर्णयाबद्दल विचारू नकोस, तुझी बाजू मांडू नकोस, नुसतं विचार की तुला तिथं कसं वाटत होतं. ती पुन्हा यायला तयार आहे का, हेही विचार, आणि नाही म्हणाली तर आग्रह करू नकोस. हो म्हणाली तर पाचनईच्या वाटेला तिला तुझ्या मागोमाग चालव आणि केव्हा दम खायचा ते तिला ठरवू दे.

तुझी,
ताई